थोरल्याच्या वाट्याची भाकरी

माझं पहिलं वजन झालं ते सांगलीच्या पेठेत, गुळाच्या काट्यावर. तोवर मी किती भरतो हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे बघितलं की लोकांना ते कळायचं. काटा म्हणजे तीन वाशांच्या घोडीला टांगलेली लोखंडी दांडी, आणि तिच्या दोन्ही टोकांना साखळ्यांनी लोंबणारी, माणूस मांडी घालून बसेल एवढाली पारडी. एका पारड्यात मी बसलो. दुसऱ्यात तोलणारा वजनं टाकू लागला.

हा तोलणारा म्हणजे जुना पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, मणाचं वजन अजून एका हाताने उचलायचा. पेठेत पहिल्या वजनाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्याने पहिला मण टाकला आणि म्हणाला, "लाभ." दुसरा टाकला, "दोन." मी जागचा हललो नाही. मग त्याने एक पाचशेरी टाकली, दुसरी टाकली, तेव्हा कुठे माझं पारडं जमीन सोडून उठलं.

"सव्वादोन मण!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की आत गादीवर बसलेले अडते बाहेर येऊन बघायला लागले. "गड्या, तुला शिमग्यापतोर ठिवला तर तिसरा मण बी चढंल!"

बाजूला माझे वडील उभे होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दोन मणाला पाच शेर कमी व्हायला किती टाकाय लागंल?"

"पंधरा शेर," तोलणारा म्हणाला. तेव्हा मण चाळीस शेरांचा होता, हिशेब तोंडावर होता.

"चैत्रापतोर टाक," आबा मला म्हणाले, आणि शेंगांची पोती उतरवून घ्यायला निघून गेले.

दोन मणाला पाच शेर कमी हे माझ्या थोरल्या भावाचं वजन होतं. पलटणीत जाण्याआधी तो याच काट्यावर बसून गेला होता. आमची शर्यतीची खिल्लार जोडी त्यानेच वाढवलेली. दुष्काळी भागातल्या बाजारातून दोन खोंडं त्याने पायी चालवत आणली, हाताने भरवली, पळायला शिकवली. जोडीला त्याचा आवाज कळायचा आणि थोडाफार माझा. बाकी कोणी कासरा हातात धरला की उजवा बैल सरळ शिंग दाखवायचा.

लढाई सुरू होती, आमच्या भागातली पोरं भराभर भरती होत होती. थोरला निघाला तेव्हा गोठ्यात जोडीच्या मानेवर हात ठेवून मला म्हणाला, "ह्यांना बसवून ठिवू नगंस. जत्रंला माज्या जागी तू बस." मी जोरात मान हलवली. तेव्हा माझी मान दिसत होती.

पुढच्या चैत्रात गावच्या जत्रेला मी छकड्यावर बसलो. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्याला बूड टेकायला वीतभर फळी. त्या फळीवर मी बसल्याबरोबर सगळा भार पुढे आला, जू बैलांच्या मानेवर दाबलं गेलं, आणि थोरल्याच्या हाताखाली वाऱ्यासारखी पळणारी जोडी अर्ध्या माळावर येऊन चक्क उभी राहिली. डाव्या बैलाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. लोक इतके हसले की शर्यत जिंकणाऱ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पळणारा बैल दावणीला कुजवायचा नाही हा आबांचा बाणा होता. विट्याकडचा शर्यतींचा एक शौकीन जोडी मागायला दोनदा येऊन गेला होता. त्याला त्यांनी सांगून ठेवलं, येत्या चैत्रात जोडी पळाली तर माझी, नाही तर तुमची. म्हणून तो काटा, आणि म्हणून ते पंधरा शेर: थोरल्याच्या वजनाला उतरलो तरच मी छकड्यावर बसायचं, असं आबांनी ठरवलं होतं. मी वजन टाकलं नाही तर थोरला परत येईल तेव्हा गोठा रिकामा, एवढं सरळ होतं ते. या विचाराने मला खरोखर घाम फुटायचा. दुर्दैवाने त्या घामाने वजन उतरत नव्हतं.

परतीच्या वाटेवर आबा म्हणाले, "गाडीत बसू नगं." मी उतरलो आणि सात कोस गाडीमागून चालत आलो. गावाच्या वेशीवर पोचलो तेव्हा पाय माझे नव्हतेच.

दुसऱ्या दिवसापासून मी चार भाकऱ्यांच्या दोन केल्या. पहाटे उठून तालमीत पन्नास जोर आणि शंभर बैठका. न्याहारीचा लोण्याचा गोळा बंद. शेंगदाणे दिसले की मी तोंड फिरवायचो, आणि ज्या माणसाच्या रानात शेंगांची काढणी चालू आहे त्याने तोंड फिरवायचं तरी कुठं! गुऱ्हाळं सुरू झाली तेव्हा तर कसोटी लागली. आमच्याकडे गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि नको म्हटलं तर तुमचं काय बिनसलंय म्हणून चौकशी करतात. मी पोटात दुखतंय म्हणून सांगायला लागलो. आठ दिवसांत गावभर माझ्या पोटदुखीवर औषधं सुचवली जाऊ लागली.

पण वजन उतरलं. गुळाच्या गाड्या पंधरा दिवसांनी सांगलीला जायच्या. मी प्रत्येक खेपेला काट्यावर बसायचो आणि तोलणारा प्रत्येक खेपेला ओरडायचा. दोन मण सात शेर. दोन मण पाच. दोन मण तीन. पेठेतले हमाल काम थांबवून बघायला यायचे. एकाने तर माझ्यावर पैज लावली होती म्हणे. मार्गशीर्ष सरताना दोन मण दोन शेर झाले आणि मी धोतराची गाठ एक वीत पुढे बांधली. आता राहिले सात शेर. मला वाटलं, जिंकलं.

आणि तिथेच गाडं अडलं.

पौषातल्या पहिल्या खेपेला दोन मण दोन शेर. दुसऱ्या खेपेलाही तेवढंच. मी दोन भाकऱ्यांची दीड केली. माघाच्या सुरुवातीला पुन्हा काटा तिथेच. तोलणाऱ्याने दांडीला हात लावून बघितलं, साखळ्या बघितल्या, शेवटी दोन्ही पारडी रिकामी करून दांडी सरळ राहते का ते बघितलं. काटा बिनचूक होता.

"चोरून खातोस व्हय रं?" त्याने विचारलं.

मला रागच आला. मी म्हणालो, "जोतिबाच्यान, दीड भाकरीच्या वर खात न्हाई."

त्याने माझे दंड चाचपले. मग मला बाजूला नेऊन म्हणाला, "आइक. अंग लय लबाड आसतंय. तू रोज तेच पन्नास जोर, त्याच शंभर बैठका मारतोस. अंगाला ठावं झालंय. त्ये आता झोपंतच मारतंय त्या बैठका. काईतरी निराळं कर. नदीच्या वाळूत पळ. आन् खाण्याचं पुन्यांदा बघ, मी चाळीस वर्सं वजनं टाकतोय, वजन आभाळातनं पडत न्हाई."

वाळूत पळणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कृष्णेच्या कडेला आमच्या गावाखाली लांबलचक वाळवंट आहे. जोडीला फेर द्यायला मी तिथेच न्यायचो, पण छकड्यावर बसून. आता मी कासरा धरून त्यांच्या बाजूने पळायला लागलो. पहिल्या दिवशी बैल उभे राहून माझी वाट बघत होते. आठ दिवसांनी त्यांना थोडंच थांबावं लागायचं. जीव नाकातोंडाशी यायचा, पण गंमतही वाटायची. धपापत पाण्यात बसलं की ती दोघं शेजारी पाणी प्यायची, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही जोडी मला ओळखायला लागली आहे.

पुढच्या खेपेला काटा पाव शेरही हलला नाही. घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. बावीस वर्षांचा गडी, पण रडू यायचं बाकी होतं. चैत्राला दोन महिने होते. मला माझाच संताप आला होता, आणि थोरल्याला कसं तोंड दाखवू हे कळत नव्हतं.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, अंगणात राखेने भांडी घासत होती. ती माझ्याशी मोजकंच बोलायची. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा लढाईवर गेलेला, घरात सासू-सासरे, ती तरी किती बोलणार! ती मान वर न करता म्हणाली, "भावजी, येक इच्यारू? तुमी किती भाकरी खाता?"

"दीड," मी म्हणालो. "सगळ्यांना ठावं हाय की."

"आन् ह्यांच्या?"

मला समजेना. तिने हातातलं भांडं वर धरलं. थोरल्याची पितळी होती ती. काठाची, खोलगट, त्याच्या लग्नातली.

इथे मला घरची एक रीत सांगायला हवी. पलटणीत गेल्यावर थोरल्याचं पहिलं पत्र आलं, त्यात एक ओळ होती, की इथे पाव मिळतो, भाकरी मिळत नाही. बाकी पत्रात काय होतं ते आईने ऐकलंच नाही. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला आमची ताटं वाढायच्या आधी ती त्याची पितळी वाढायची. दोन भाकऱ्या दुधात कुस्करून, वर गूळ, वर तुपाची धार. पलटणीतल्या पोरांच्या बऱ्याच घरांत असं चालायचं. पितळी देवापुढे ठेवायची, हात जोडायचे, आणि मग ते अन्न घरातल्याच, त्याच्याच रक्ताच्या माणसाने खायचं. टाकायचं नाही, शिळं होऊ द्यायचं नाही. इथे कोणी पोटभर खाल्लं की तिकडे त्याला पोचतं, अशी आईची खात्री होती. आबांना दूध-भाकरी सोसायची नाही, आणि वाढणारीने ते आपण खायचं नसतं. रक्ताचा राहिलो मी.

दीड वर्ष मी रोज ती पितळी चाटून पुसून रिकामी करत होतो. आणि शपथेवर सांगतो, ते मी खातो आहे असं माझ्या मनात कधी आलंच नाही. ते थोरल्याचं जेवण होतं. माझ्या भाकऱ्या वेगळ्या. मी माझ्या चाराच्या दीड केल्या, त्याच्या दोनला धक्का लावायचा विचारसुद्धा शिवला नाही. मी बारीक व्हायला लागल्याचं बघून आईचा जीव कळवळला असावा, कारण अलीकडे तुपाची धार चांगली जाड झाली होती. तेसुद्धा मी थोरल्यासाठीच समजत होतो.

"मी रोज थापते, मी रोज घासते," वहिनी म्हणाली. "मला दिसतंय. तुमी दोगांचं खाताय, भावजी."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग हसायला आलं. मग आठवलं की हे आईला सांगायचं आहे, आणि हसू पळालं.

त्याच संध्याकाळी सांगितलं. "आय, थोरल्याचं मी खानार न्हाई आजपास्नं."

आईच्या हातात तुपाची बुधली होती. ती तशीच राहिली. "मग कोन खानार?"

"कुनी बी."

"कुनी बी?" तिचा आवाज चढला. "माजं ल्येकरू तिकडं उपाशी झोपंल, आन् तू म्हंतोस कुनी बी? शर्यत मोठी झाली व्हय तुला भावापरीस?"

शर्यत त्याच्यासाठीच होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाटावरून उठलो. भावाच्या तोंडचा घास मीच काढून घेतला असं मला मनापासून वाटलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पितळी देवापुढे तशीच भरलेली राहायची, आणि सकाळी ती डोळे पुसत नदीला सोडून यायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनीने देवापुढची पितळी उचलली. काही विचारलं नाही, सवरलं नाही, डोईवरचा पदर नीट केला आणि सरळ गोठ्याकडे निघाली. "अगं, कुटं निगालीस?" म्हणत आई मागे, आणि आईच्या मागे मी.

वहिनीने पितळी उजव्या बैलापुढे धरली. हाच तो परक्याला शिंग दाखवणारा. त्याने फुसकन् वास घेतला आणि दूध-भाकरी मटामटा खाल्ली. निम्म्यावर आल्यावर तिने पितळी काढून डाव्यापुढे नेली. त्याने काठसुद्धा चाटला.

"आत्याबाई," वहिनी सासूला म्हणाली, "ही बी त्येंच्याच हातची हायत. त्येंनी भरवूनच मोठी केल्यात. रक्ताची न्हाईत असं कसं म्हनायचं?"

आई बघत राहिली. उजवा बैल मान लांब करून तिचा हात चाटायला लागला. आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती रडतही होती आणि हसतही होती. "आगं बाई, दोगास्नी मिळून दोनच भाकऱ्या?" ती म्हणाली. "ह्येंचं काय हुतंय त्यात!"

दुसऱ्या दिवसापासून पितळीत तीन भाकऱ्या जायला लागल्या. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पुढच्या खेपेला मी काट्यावर बसलो. तोलणाऱ्याने दोन मण ठेवले आणि माझं पारडं तेवढ्यावरच तरंगलं. तो काही बोलायच्या आधी हमालांनीच आरोळी ठोकली. मी खाली उतरून त्याच्या पाया पडलो. मग दोन मणाला एक शेर कमी. मग तीन कमी. वाळूत आता मी जोडीच्या बरोबरीने पळायचो, आणि बैल मागे वळून बघत नव्हते. जोरांच्या जागी मी मळ्यात खोऱ्याने पाट काढायचो, एक दिवस हे, एक दिवस ते, अंगाला काही कळू द्यायचं नाही. गुऱ्हाळावर पोटात दुखतंय म्हणायचं सोडून खरं कारण सांगितलं, तर लोकांनी रसाऐवजी पाणी दिलं. एवढं सोपं होतं ते! मी चार महिने उगाच औषधं ऐकून घेतली.

चैत्र लागला. शेवटच्या खेपेला आबा बरोबर आले. विट्याचा शौकीनही आला होता, त्याला निकाल ऐकायचा होता. मी अंगातली बंडी काढली, डोक्याचा पटका काढला, पायताण तर आधीच काढलं होतं. पारड्यात बसलो. तोलणाऱ्याने ओरडायचं टाळलं. दोनदा वजनं काढली, दोनदा घातली.

"दोन मणाला चार शेर कमी," तो हळूच म्हणाला. "येक शेर जास्त हाय."

शौकिनाने मिशीवरून हात फिरवला. मी पारड्यातच बसून राहिलो. चौदा शेर टाकले होते मी. एका शेराने जोडी जाणार होती.

आबा काट्याजवळ आले. त्यांनी माझ्या उघड्या खांद्यावर हात ठेवला. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी मला हात लावल्याची ती पहिलीच वेळ असेल. ते शौकिनाला म्हणाले, "त्यो शेर थोरल्याचा हाय. ऱ्हाऊ द्या ह्येच्या अंगावर."

जत्रेत आमची जोडी दुसरी आली. पहिल्या जोडीत आणि आमच्यात एका कासऱ्याचं अंतर असेल नसेल. बैल शेवटपर्यंत पळाले, आणि शेवट झाल्यावरही थांबेनात, माळ ओलांडून नदीपर्यंत घेऊन गेले मला. मी वेड्यासारखा ओरडत होतो. शौकीन त्याच संध्याकाळी विट्याला परतला, पुन्हा आला नाही.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी थोरला आला. सांगली स्टेशनावर मी गाडी घेऊन आणायला गेलो. रेल्वेतून उतरणाऱ्या गर्दीत मी एका वाळलेल्या, काळवंडलेल्या माणसाला शोधत होतो. मागून पाठीवर थाप पडली. वळून बघितलं तर भला दांडगा, गोबऱ्या गालांचा हवालदार. मी त्याला ओळखायला आणि त्याने मला ओळखायला सारखाच वेळ लागला.

"तुला खायला घालत न्हाईत व्हय रं घरात?" तो म्हणाला.

दोन वर्षं तो पलटणीच्या लंगरखान्यावर होता. डब्यातलं लोणी, साखर, पावाच्या लाद्या, सगळं त्याच्याच ताब्यात. वाटेत मी त्याला पेठेत नेला आणि गुळाच्या काट्यावर बसवला. "लाभ," तोलणारा म्हणाला, आणि मग वजनं टाकतच राहिला. दोन मण नऊ शेर. थोरला पारड्यात बसून एवढा हसला, की साखळ्या वाजायला लागल्या. घरी पोचेपर्यंत मी त्याला पितळीची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून तो पुढे वाकला आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

आई दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिने त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, आणि मग त्याचे दंड, गाल, खांदे चाचपून बघितले. आम्ही सगळे ती काय म्हणते म्हणून थांबलो होतो. तिचा चेहरा उजळला. ती आबांकडे वळली, वहिनीकडे वळली, शेवटी माझ्याकडे.

"मी म्हनत न्हवते?" ती म्हणाली. "समदं पोचत हुतं!"

थोरल्याने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं, आणि वाकून तिच्या पाया पडला. "व्हय आय," तो म्हणाला. "रोज पोचत हुतं."